राग म्हणजे झोपेची गोळी नव्हे!

गेल्या वर्षी सौंसरला एका स्नेह्यांच्या पंच्याहत्तरीला गेलो होतो. जेवणाआधी व्हायची तशी भाषणे झाली. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना दीर्घायुष्याचे चार उपाय सांगितले. मीठ कमी खा, पहाटे फिरायला जा, सुनेच्या कामात नाक खुपसू नका, हे तीन ठीकच होते. चौथा असा: "रात्री अंथरुणावर पडलं की शास्त्रीय संगीत लावून ठेवा. समजलंच पाहिजे असं काही नाही. न समजलं तर उत्तमच, डोक्याला ताण नाही!" मांडव हसला, टाळ्या पडल्या. शेजारी बसलेले आमचे एक संत्रेवाले मित्र मला कोपराने ढोसून म्हणाले, "घ्या गुरुजी, तुमच्या रागदारीचाबी काही उपेग निघाला म्हना!"

मीही हसलो. यजमानांचा दिवस होता, शिवाय स्वयंपाकघरातून भरल्या वांग्यांचा वास येत होता, तेव्हा वाद घालण्याची ती वेळ नव्हती. पण ते "न समजलं तर उत्तमच" अजून सलते आहे. मांडवात जे बोलता आले नाही ते या अंकात बोलावे, म्हणून हा खटाटोप.

आधी कबुली देऊन टाकतो. त्या पाहुण्यांनी सांगितलेला उपाय मी स्वतः केलेला आहे. २०१९ साली नागपुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. मोहगावला घरी परतलो तेव्हा झोपेचे वांधे झाले होते. रात्री छातीवरचा टाका ओढायचा, डोळा लागायचा नाही, आणि लागला की दचकून जाग यायची. डॉक्टर म्हणाले, गाणे ऐका. पुण्याच्या मुलाने मोबाइलवर सोय करून दिली. ताणमुक्तीसाठी राग, गाढ झोपेसाठी राग, ध्यानासाठी राग, अशा आठ-आठ तासांच्या लांबलचक फिती तिथे तयारच असतात. त्यातल्या पुष्कळशा मला मिळमिळीत वाटल्या. मग एका थोर गायिकेचा बागेश्रीचा ख्याल निवडला आणि रोज रात्री नऊला कानात बोंडे घालून पडू लागलो. झोप येऊ लागली. सहा महिने हा क्रम चालला.

पुढे नात्यातली एक मुलगी भेटायला आली. ती नागपूरला गाणे शिकते. मी मोठ्या ऐटीत सांगितले की हा ख्याल मी रोज ऐकतो. ती खुलून म्हणाली, "काकाजी, अंतऱ्यात त्या वरच्या षड्जावर जाऊन थांबतात ना, तिथे काय होतं हो तुम्हाला?" मी गप्प. मला काहीच होत नव्हते, कारण मी अंतऱ्यापर्यंत कधी पोहोचलोच नव्हतो. दीडशेच्या वर रात्री मी तो ख्याल लावला आणि त्याचा अंतरा मला ठाऊक नव्हता. त्याच्यापुढे द्रुत बंदिश आहे, तिच्यात दाणेदार ताना आहेत, हे मला त्या पोरीने सांगितले.

आता कोणी म्हणेल, झोप लागली ना, मग तक्रार कशाची? तक्रार झोपेविषयी नाहीच. आजाऱ्याला झोप हवी, दिवसभर राबलेल्याला विसावा हवा, त्यात कमीपणा कसला? गाण्याने झोप सुधारते, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती थोडी उतरते, असे दाखवणारे बरेच प्रयोग झाले आहेत आणि मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण त्या कामाला गाणे संथ असावे, हळू असावे, मध्येच दचकवणारे नसावे आणि ऐकणाऱ्याला आवडीचे असावे, एवढेच लागते. त्याला बागेश्रीच लागते असे नाही. पाळण्याची दोरी ओढताना बायका जे गुणगुणतात त्यानेही ते काम होते, आणि अधिक चांगले होते. मग एखाद्या गायिकेने आयुष्य घालून कमावलेली वस्तू आपण त्या कामाला का जुंपतो? आणि जुंपून वर "आम्ही शास्त्रीय ऐकतो" असे का मिरवतो? माझा वाद या मिरवण्याशी आहे.

न समजणारी गोष्ट शांत का वाटते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित समजावून सांगावे लागेल. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या, दोन भाषांच्या उंबरठ्यावर जन्म काढलेल्या माणसाला ते अनुभवाने ठाऊक आहे. माझी आजी काटोलकडची. लग्न होऊन मोहगावला आली, पण घर, वावर आणि देऊळ यांपलीकडे तिचा वावर नव्हता आणि हिंदीशी तिची गाठच पडली नव्हती. साठ-बासष्टच्या सुमारास आमच्याकडे मर्फीचा रेडिओ आला. बाबा रात्री हिंदी बातम्या लावीत. देवकीनंदन पांडे यांच्यासारखा खणखणीत आवाज, ज्याने त्या काळी देशभरची माणसे कान टवकारून बसत, त्या आवाजाने आमची आजी पाच मिनिटांत घोरू लागे. "लई गोड बोलते बाप्पा हा मानूस," असे ती म्हणायची. काय बोलतो ते विचारले तर म्हणे, "मले काय मालूम?"

पुढे माझा धाकटा काका फौजेत भरती झाला. आजी बातम्यांतला एकेक शब्द विचारू लागली. सीमा म्हणजे काय, घायल म्हणजे काय, लापता म्हणजे काय. १९७१ च्या डिसेंबरात तोच रेडिओ, तशाच बातम्या, आणि आजी रात्ररात्र ताठ बसून. आवाजातला गोडवा कुठे गेला, असे तिला विचारायची आमची छाती नव्हती. काका सुखरूप परत आला त्या रात्री मात्र ती जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येईपर्यंत.

माझे म्हणणे आजीच्या या दोन झोपांमध्ये आहे. पहिली झोप न समजल्याची होती. दुसरी, सगळे समजून, त्यातून पार पडल्याची. शास्त्रीय संगीताने "मन शांत होते" असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण आजीच्या पहिल्या झोपेविषयी बोलत असतो. ती भाषा आपल्याला परकी झाली आहे, म्हणून तिचा नुसता गुणगुणाट कानावर पडतो आणि गुणगुणाटाने डोळा लागतो.

आणि ती भाषा समजली तर ती शांत नाहीच मुळी. मारवा घ्या. संध्याकाळचा राग. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि जो षड्ज म्हणजे घराचा उंबरठा, त्याच्यावर गायक तुम्हाला टेकू देत नाही. तंबोरा षड्ज सांगत असतो आणि गाणारा रिषभ-धैवतावर रेंगाळत त्याच्या भोवती भोवती फिरतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. वावरातून परतलेल्या माणसाला घर दिसते आहे पण मधल्या नाल्याला पूर आहे, अशी ती अवस्था. मग केव्हातरी तो षड्ज येतो, आणि तेव्हा जे सैल होते ते खरे सैल होणे. आधीची टांगणी ज्याने भोगली नाही त्याला हा षड्ज इतर सुरांसारखाच एक सूर. त्याला काय मिळाले?

लयीचेही तेच. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा अतिसंथ लयीत जवळजवळ मिनिटभर चालतात. इतका वेळ आत कुठेतरी मोजत, गायक आता मुखडा कसा पकडतो याची वाट पाहत बसायचे, आणि समेवर मान आपोआप हलायची. मान हलते त्या क्षणी सभागृहातली तीनशे माणसे एकदम सुस्कारा टाकतात, तो विसावा. हा विसावा मजुरीसारखा आहे. मोजणीचे काम केले त्याला मिळतो. झोपेच्या फिती काढणाऱ्यांनी नेमके हेच छाटून टाकले आहे. तबला जोरात आला की फीत संपते. मारवा, श्री यांसारख्या अस्वस्थ रागांना तिथे दारच बंद. ताना नाहीत, तराणा नाही, लयीची झुंज नाही. उरते काय, तर गूळ काढून घेतलेली पुरणपोळी.

शास्त्राचा दाखला पाहिजे असेल तर तोही मजेदार आहे. १९९३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापला. ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंची रचना ऐकवली आणि मग आकृत्यांची कोडी घातली. त्यांनी ती थोडी बरी सोडवली. परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकला, बस्स. त्यावरून "मोझार्टने बुद्धी वाढते" अशी हाकाटी झाली आणि १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने तर प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची फीत सरकारी खर्चाने द्यावी असा प्रस्ताव मांडला! पुढच्या संशोधकांनी हा फुगा बराच फोडला. तो परिणाम खास मोझार्टचा नसून माणूस थोडा जागा आणि उल्हसित झाल्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पण आपल्याकडे कोणी सांगत नाही ती गंमत पुढेच आहे. त्या मूळ प्रयोगात मोझार्टची तुलना एका शांततेशी होती आणि दुसरी कशाशी, तर अंग सैल सोडायला सांगणाऱ्या ताणमुक्तीच्या फितीशी! म्हणजे प्रयोग करणाऱ्यांनी संगीत एका बाजूला ठेवले होते आणि सैलावणे दुसऱ्या बाजूला. आमच्या वक्त्यांनी दोन्ही एकाच पुडीत बांधून विकायला काढले.

ओंकारनाथ ठाकुरांनी १९३३ साली इटलीत मुसोलिनीपुढे पुरिया गायला आणि त्या निद्रानाशी हुकूमशहाला झोप लागली, ही कथा अशा भाषणांत हमखास येते. खरीखोटी देव जाणे. खरी धरली तरी त्या माणसाला झोप लागून जगाचे काय भले झाले ते इतिहासात सापडत नाही.

आता अंथरुणाला खिळलेल्या एका खऱ्या माणसाविषयी सांगतो. तो आपल्याच मध्य प्रदेशातला, आणि आपल्यासारखाच सीमेवरचा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी, गुरू मुंबईचे बी. आर. देवधर, कीर्ती मराठी मुलखात. ऐन विशीत क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. एक फुफ्फुस निकामी झालेले, आणि लहानपणापासून मैफली गाजवलेला माणूस वर्षानुवर्षे खाटेवर. यापेक्षा मोठा आजारी आणि विश्रांतीची यापेक्षा मोठी गरज कोणाची असणार? झोपेची फीत कोणाला शोभली असती तर त्यांना.

त्यांनी पडल्या पडल्या काय केले? ऐकले. पण कसे? माळव्यातल्या बाया, भिक्षेकरी, वाटसरू जे गात ते त्यांनी कान देऊन ऐकले, सूर कुठे चढतो, कुठे मुडपतो, हे टिपले, पुढे त्या धुना गोळा केल्या, लिहून घेतल्या. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत उभे राहिले ते दुसरेच गाणे घेऊन. श्वास तोकडा, म्हणून फेक लहान आणि धारदार, आणि त्या फेकीत माळव्याची माती. लगनगंधार, मालवती, संजारी यांसारखे राग लोकधुनांच्या पोटातून निघाले आणि १९६५ साली 'अनुपरागविलास' या पुस्तकात बंदिशींसह आले. १९९२ च्या जानेवारीत देवासलाच त्यांनी देह ठेवला. त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला त्याचे नाव ठेवले 'मला उमजलेले बालगंधर्व'. उमजलेले! कानडी घरातल्या माणसाने निवडलेला हा मराठी शब्द आमच्या सौंसरच्या वक्त्यांनी एकदा पाटीवर लिहून काढावा.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. जाणकार म्हणवणारे काही जण असे आहेत की साध्या माणसाने मैफलीत पाऊल टाकले की कपाळाला आठ्या. राग ओळखता येत नाही? मग का आलात? यांनीच माणसांना झोपेच्या फितींकडे ढकलले. केसकरांचे उदाहरण आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ, १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ही त्यांची पुण्याई. पण सिनेसंगीताला त्यांनी जवळजवळ हद्दपार केले आणि लोक मुकाट्याने रागदारीकडे वळण्याऐवजी रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. दाराला कुलूप लावून कोणी रसिक होत नाही.

आमच्या घरीही हा प्रयोग झाला. शनिवारी रात्री साडेनऊला राष्ट्रीय कार्यक्रम लागला की बाबा सतरंजीवर मांडी घालून बसत. कोणी बोलायचे नाही, कोणी उठायचे नाही. आम्हा पोरांना ती शिक्षा वाटे. बाबांनी आम्हाला कधी सम कुठे आहे ते सांगितले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही. मुक्याने बसण्यालाच ते ऐकणे समजत. माझ्या सहा महिन्यांच्या बागेश्रीचे बी तिथे पेरले गेले असावे.

ऐकणे शिकवले ते दुसऱ्यांनीच, आणि त्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते. आपल्या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने घराघरांत भजन पोहोचवले. मराठीत गाणारे आणि तितक्याच सहज हिंदीत गाणारे महाराज. आपल्या दोन्ही जिभांना त्यांनी एका ठेक्यावर आणले. आमच्या मोहगावात दिवसभर कापूस वेचून बोटांना बोंडांचे ओरखडे पडलेली माणसे रात्री भजनाला बसत. दमलेली? हाडे मोडेपर्यंत दमलेली. पण टाळ एक मात्रा इकडे-तिकडे पडला की म्होरक्या डोळ्यांनी जाळी. "काऊन रे, झोपला का?" ही तिथे शिवी होती. बारा वाजता भजन मोडे, आणि माणसे ताजी होऊन घरी जात. जामसावळीचा आपला मारुती आडवा पहुडलेला आहे. पण त्याच्यापुढे शनिवारी कोणी आडवा होऊन दर्शन घेताना मी पाहिला नाही!

आणखी एक आक्षेप आपल्याकडेच ऐकू येतो. या बंदिशी हिंदीत, ब्रजात, मग मराठी माणसाने त्या समजून घेण्याचा अट्टहास का करावा? आमचे नाट्यसंगीत काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. पण १९५६ साली आपली तहसील इकडच्या राज्यात राहिली, २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हा झाला, या रेषा कागदावरच्या. गाण्याने असल्या रेषा त्याच्या पुष्कळ आधी ओलांडल्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून ख्याल शिकून महाराष्ट्रात घेऊन आले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. आपण इथे हिंदी शिकतो ती कचेरीसाठी, बाजारासाठी, पोरांच्या नोकरीसाठी. बंदिशीच्या दोन ओळींचा अर्थ विचारण्याइतकी ती आपल्याला येते. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला जिथे कोश काढावा लागेल तिथे आपल्याला शेजारच्या काकूंना विचारून भागते. हे भांडवल असून आपण "न समजलं तर उत्तमच" म्हणणार?

मी स्वतः काय केले ते सांगून थांबतो. रात्रीची बोंडे बंद केली. झोपेसाठी आता एक जुनी प्रवासवर्णनाची जाडजूड प्रत उशाशी ठेवली आहे, ती त्या कामाला उत्तम आहे. बागेश्री रात्रीचे जेवण झाले की, ओसरीवर, बसून. पहिल्या आठवड्यात अंतरा येईपर्यंत दोनदा डुलकी लागली, ते कबूल करतो. त्या मुलीने फोनवरून अंतऱ्याचे शब्द लिहून दिले. वरचा षड्ज आला तेव्हा, टाक्याच्या खाली, काहीतरी झाले. नेमके काय ते मला लिहिता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला आहे. नऊ वर्षांचा. त्याला आधी द्रुतच ऐकवतो, कारण तिथे तीनताल लवकर हाताला लागतो. एका बोटावर चार, चार बोटांवर सोळा. काल ओसरीवर आम्ही दोघे अंगठ्याने मात्रा मोजत बसलो होतो. आतून सून हाक मारीत होती, "बाबा, जेवणं होऊन तास झाला, त्याला झोपू द्या की आता!" मी तिला उत्तर द्यायला मान वळवली, आणि हा माझा हात धरून म्हणतो, "आजोबा, तुमची सम चुकली."